चंद्रावरच्या हवेचा मालक कोण?

चंद्रावर चांगली कॉफी मिळत नाही. निदान अँडी वीअर यांच्या ‘आर्टेमिस’ या कादंबरीतल्या शहरात तरी नाही. तिथली दोन हजार माणसं निव्वळ ऑक्सिजनमध्ये श्वास घेतात आणि त्या ऑक्सिजनचा दाब पृथ्वीवरच्या हवेच्या दाबाच्या साधारण एक पंचमांश ठेवलेला असतो. माणसाला जगायला तेवढा पुरतो आणि शहराच्या भिंतींवरचा ताणही कमी होतो. पण दाब उतरला की पाण्याचा उत्कलनबिंदूही उतरतो. आर्टेमिसमध्ये पाणी 61 अंश सेल्सिअसलाच उकळतं आणि त्या कोमट उकळीत कॉफी नीट उतरत नाही. तिथे राहून आलेल्या माणसालाच सुचावा असा हा तपशील. पुस्तक अशा तपशिलांनी गच्च भरलेलं आहे, आणि म्हणूनच ते संपल्यावर येणारी निराशा जास्त बोचते.

‘आर्टेमिस’ 2017च्या नोव्हेंबरमध्ये आली. ‘द मार्शिअन’मुळे वीअर यांचं नाव तोवर जगभर झालेलं होतं. सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करणाऱ्या या माणसानं मंगळावर एकट्या अडकलेल्या अंतराळवीराची गोष्ट स्वतःच्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणानं फुकट वाचायला दिली होती. 2011 मध्ये ती 99 सेंटला किंडलवर आली, 2014 मध्ये मोठ्या प्रकाशनसंस्थेनं छापली आणि 2015 मध्ये रिडली स्कॉट यांचा चित्रपटही आला. दुसऱ्या पुस्तकाकडे सगळ्यांचे डोळे लागलेले होते. ‘आर्टेमिस’ला वाचक मिळाले, गुडरीड्सच्या वाचक-मतदानात ती त्या वर्षीची सर्वोत्तम विज्ञान कादंबरीही ठरली. तरीही ती कादंबरी फसली आहे हे स्पष्ट म्हणायला हवं, आणि का फसली हे तितकंच नीट सांगायला हवं. कारण तिच्या पोटातली कल्पना फार मोलाची होती.

पाच घुमटांचं हे शहर. चंद्रावर उतरलेल्या आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन, कॉनरॅड, बीन आणि शेपर्ड यांची नावं घुमटांना दिलेली. प्रत्येक घुमटाला ॲल्युमिनियमच्या दोन जाड भिंती आणि त्यांच्यामध्ये फोडलेल्या दगडाचा भराव. शेपर्डमध्ये श्रीमंत राहतात, ऑल्ड्रिनमध्ये पर्यटकांसाठी हॉटेलं आणि कॅसिनो, तर कॉनरॅडच्या तळमजल्यांवर हातावर पोट असलेले. नायिका जॅझ बशारा ही सव्वीस वर्षांची मुलगी तिथेच एका खोक्यात राहते. खोकं म्हणजे खरोखरच खोकं: आत झोपता येतं, उभं राहता येत नाही. न्हाणीघर सामाईक. जेवायला ‘गंक’, म्हणजे शेवाळापासून केलेला आणि वेगवेगळ्या चवी लावलेला लगदा. पृथ्वीवरून आलेलं खरं अन्न पर्यटकांसाठी आणि पैसेवाल्यांसाठी. जॅझ सौदी अरेबियात जन्मलेली, सहाव्या वर्षी वडिलांबरोबर चंद्रावर आलेली. वडील निष्णात वेल्डर. ती मात्र सामान पोचवण्याचं काम करते आणि त्याच्या आडून चोरट्या वस्तू आणते.

शहर केनियानं उभारलंय. ही या कादंबरीतली सर्वांत धाडसी आणि सुंदर चाल. केनिया विषुववृत्तावर आहे. तिथे पृथ्वीच्या फिरण्यामुळे रॉकेटला तासाला सुमारे 1670 किलोमीटरचा वेग आयता मिळतो. फिडेलिस न्गुगी या अर्थमंत्री बाई हेच भांडवल जगाला विकतात, अवकाश कंपन्यांना आपल्या देशात आणतात आणि पुढे चंद्रावरच्या शहराच्या प्रशासक होतात. याला खऱ्या इतिहासाचा आधारही आहे. केनियाच्या मालिंदीजवळच्या समुद्रात इटलीचा सान मार्को हा प्रक्षेपणतळ होता. 12 डिसेंबर 1970 रोजी, म्हणजे केनियाच्या स्वातंत्र्यदिनी, तिथून क्ष-किरण खगोलशास्त्राचा पहिला उपग्रह सुटला आणि त्याला ‘उहुरू’ हे नाव दिलं गेलं. स्वाहिलीत उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. एकेकाळची ब्रिटिश वसाहत आता स्वतः चंद्रावर वसाहत चालवते आहे, ही उलथापालथ एका लेखकाला आयुष्यभर पुरावी. ‘आर्टेमिस’मध्ये ती काही पानांत आटोपते. केनियातला केल्विन हा जॅझचा पत्रमित्र भेटतो तो प्रकरणांच्या मधल्या पत्रांतून. न्गुगी बाई मोजक्या प्रसंगी येतात. केनिया पार्श्वभूमीला उरतो.

पण कादंबरीचा खरा गाभा हवेत आहे. चंद्राच्या उंच, उजळ प्रदेशात अनॉर्थाइट हे खनिज मुबलक आहे. कॅल्शियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचं ते संयुग. अपोलो 15च्या अंतराळवीरांनी 1971 मध्ये आणलेला प्रसिद्ध ‘जेनेसिस रॉक’ मुख्यतः याच खनिजाचा. 2023च्या ऑगस्टमध्ये चांद्रयान-3च्या प्रज्ञान रोव्हरनं दक्षिण ध्रुवाकडच्या मातीचं जे पृथक्करण पाठवलं, तेही याच जातकुळीच्या खडकाशी जुळलं. अनॉर्थाइट वितळवून फोडलं तर ॲल्युमिनियम मिळतं आणि ढिगानं ऑक्सिजन उरतो. वीअर यांच्या शहरात हे काम सांचेझ ॲल्युमिनियम नावाची कंपनी करते. ती शहराला ऑक्सिजन फुकट देते आणि बदल्यात शहर तिला अणुभट्टीची वीज फुकट देतं, हवी तेवढी.

म्हणजे श्वास मोफत. पण तो मोफत ठेवणारा एकच पुरवठादार, आणि त्याच्या हाती शहराची बहुतेक वीज. करार मोडला तर? कंपनी कोणाच्या मालकीची आहे? उद्या दर लावायचा ठरवला तर कॉनरॅडच्या तळमजल्यावरच्या माणसानं कोणाकडे दाद मागायची? आर्टेमिसमध्ये न्यायालय नाही. कॅनडाच्या पोलीस दलातून आलेला रूडी हा एकटा बंदोबस्ताला आहे आणि बायकोला मारणाऱ्याला तो स्वतःच चोप देतो. गुन्हा मोठा असेल तर माणसाला पृथ्वीवर परत पाठवायचं, एवढीच शिक्षा. ट्रॉन्ड लँडविक या नॉर्वेजियन अब्जाधीशाची नजर या ऑक्सिजनच्या करारावर आहे. सांचेझची खनिज गोळा करणारी यंत्रं निकामी करण्यासाठी तो जॅझला दहा लाख ‘स्लग’ देऊ करतो. स्लग हे तिथलं चलन आणि त्याचा आधार म्हणजे पृथ्वीवरून चंद्रावर एक ग्रॅम सामान उतरवण्याचा खर्च.

इथवर पुस्तक खिळवून ठेवतं. आता श्वासाचा व्यापार कसा चालतो ते दिसणार, असं वाटतं. आणि नेमकं इथेच लेखक वाट बदलतो.

लँडविकचा खून होतो. सांचेझ कंपनीमागे ब्राझीलमधली गुन्हेगारी टोळी असल्याचं उघड होतं. सगळ्या भानगडीचं मूळ एका नव्या प्रकाशतंतूत निघतं. त्यातून जाणारा संदेश जराही क्षीण होत नाही आणि तो तंतू चंद्राच्या कमी गुरुत्वाकर्षणातच बनवता येतो. मग जॅझ भोवती एक टोळकं जमवते. वेल्डर बाप, युक्रेनियन शास्त्रज्ञ मित्र स्वोबोदा, दुरावलेला मित्र डेल, मेलेल्या अब्जाधीशाची मुलगी. सांचेझची भट्टी उडवायचा बेत ठरतो, पळापळ होते. दरोड्याच्या चित्रपटात शेकडो वेळा पाहिलेली मांडणी इथे फक्त चांद्रपोशाख घालून येते. टोळीच्या जागी दुसरी कुठलीही टोळी आणि प्रकाशतंतूच्या जागी दुसरी कुठलीही मौल्यवान वस्तू ठेवली तरी गोष्ट तशीच्या तशी चालेल. ज्या क्षणी हे लक्षात येतं, त्या क्षणी चंद्रावरचं शहर पडद्यावर रंगवलेल्या देखाव्यासारखं वाटू लागतं.

यात जॅझच्या बोलण्यानं भर पडते. ‘द मार्शिअन’मधला मार्क वॉटनी एकटा होता, मरणाच्या दारात होता. त्याची थट्टामस्करी हे वेड लागू नये म्हणून केलेलं काम होतं आणि म्हणून ती वाचकाला भिडली. तोच सूर वीअर यांनी उचलून जॅझच्या तोंडी घातला. कामगार वस्तीत वाढलेली, धर्मनिष्ठ बापाशी बिनसलेली, कर्जाखाली दबलेली मुलगी पानापानावर शाळकरी पोराचे विनोद करते. तिचा मित्र स्वोबोदा पुन्हा वापरता येणारा निरोध शोधून काढतो आणि ती गंमत पुस्तक पुन्हा पुन्हा उगाळत राहतं. चिडलेल्या, भ्यायलेल्या, एकट्या माणसाचा आवाज यात हरवतो.

आणि तरी त्या मुलीत एक खरी गोष्ट आहे. लहान वयात तिच्या बेफिकिरीमुळे वडिलांचं वर्कशॉप आगीत गेलेलं असतं. आर्टेमिसमध्ये आगीची भीती काय असते हे समजायला 27 जानेवारी 1967 हा दिवस आठवावा. अपोलो 1च्या सरावात शुद्ध ऑक्सिजननं भरलेल्या कुपीत ठिणगी पडली आणि ग्रिसम, व्हाइट, चॅफी हे तिघे जमिनीवरच आगीत मरण पावले. तिथे दाब बराच जास्त होता, आर्टेमिसमध्ये तो कमी ठेवलाय. पण निव्वळ ऑक्सिजनच्या बंद शहरात आग म्हणजे सगळ्यांचा शेवट. असं असताना मुलीनं बापाची रोजीरोटी जाळली. ती पै-पै साठवते आहे ती ते नुकसान भरून द्यायला, हे वाचकाला बऱ्याच उशिरा कळतं. वडिलांकडे वेल्डिंगचं सामान मागायला ती जाते तेव्हा दोघं बोलतात ते कामाबद्दल. तिला कशाला हवंय, कुठल्या धातूवर चालवणार. मनातलं कोणीच बोलत नाही, आणि त्या न बोलण्यात सगळी माया आणि सगळा दुरावा आहे. कादंबरीत असे प्रसंग अजून चार असते तर दरोड्याची गरजच पडली नसती.

शेवटाबद्दल बोलल्याशिवाय गत्यंतर नाही. ज्यांना पुस्तक वाचायचंय त्यांनी हा परिच्छेद सोडावा. भट्टीतल्या क्लोरीनची मिथेनशी गाठ पडते, क्लोरोफॉर्म तयार होतो आणि हवेच्या वाहिन्यांतून शहरभर पसरतो. रसायनशास्त्र चोख आहे. दोन हजार माणसं, त्यांत लहान मुलं, एका मुलीच्या बेतामुळे बेशुद्ध होऊन मरणाच्या उंबरठ्यावर जातात. जॅझ जीव धोक्यात घालून शहराला ताजी हवा मिळवून देते. ठीक. पण दुसऱ्या दिवशी काय? तिला पृथ्वीवर परत पाठवायचा प्रश्न निघतो तेव्हा ती सांगते की आपण गेलो तर आपल्याहून वाईट तस्कर येतील, शिवाय मोठी रक्कम भरते, आणि विषय संपतो. कोणी आई आपल्या पोराला घेऊन तिच्या दारात येत नाही. कोणी वडिलांच्या दुकानावर दगड मारत नाही. ज्या शहराच्या भिंती सेंटिमीटरमध्ये मोजून दिल्या, त्या शहरातल्या माणसांच्या रागाचं मोजमाप एकदाही घेतलेलं नाही. थरारकथेत संकट टळणं पुरेसं असतं असं कोणी म्हणेल. ते मान्य होण्यासारखं नाही. थरार येतो तो काहीतरी कायमचं गमावण्याच्या शक्यतेतून, आणि इथे हातातून जातात ते फक्त पैसे.

आर्थर सी. क्लार्क यांची 1961ची ‘अ फॉल ऑफ मूनडस्ट’ शेजारी ठेवून पाहावी. चंद्रावर धुळीचा समुद्र, त्यात पर्यटकांना फिरवणारी ‘सेलिनी’ ही नौका, आणि एका हादऱ्यात ती बावीस माणसांसह धुळीखाली जाते. खलनायक नाही, माफिया नाही. धूळ उष्णता बाहेर जाऊ देत नाही म्हणून आत उकडायला लागतं. मग कार्बन डायऑक्साइड साचतो. वर शोधणाऱ्यांना नौका कुठे आहे तेच कळत नाही. संकट प्रत्येक वेळी चंद्राच्या स्वभावातून येतं. वेळ काढण्यासाठी प्रवासी आळीपाळीनं कादंबऱ्या वाचून दाखवतात, भांडतात, एकमेकांची गुपितं ओळखतात. पुढे 1966 मध्ये सोव्हिएत रशियाचं लुना 9 चंद्रावर अलगद उतरलं आणि तिथली जमीन वजन पेलते हे दिसलं. क्लार्क यांचा धुळीचा समुद्र विज्ञानाच्या दृष्टीनं मोडीत निघाला. कादंबरी मात्र आजही श्वास रोखून वाचली जाते. ‘आर्टेमिस’चं विज्ञान क्लार्क यांच्या धुळीपेक्षा कितीतरी भक्कम आहे, आणि तरी तिच्यात जीव गुंतत नाही.

हवेच्या मालकीचा प्रश्न तर ‘आर्टेमिस’च्या दोनच वर्षं आधी इयन मॅकडोनल्ड यांनी ‘लूना: न्यू मून’मध्ये सरळ अंगावर घेतला होता. त्यांच्या चंद्रावर हवा, पाणी, कार्बन आणि माहिती या चार गोष्टींचे पैसे प्रत्येकाला सतत मोजावे लागतात आणि शिल्लक किती ते डोळ्यासमोर कायम दिसत राहतं. पैसे संपत आलेली स्थलांतरित मुलगी श्वास आखडता घेते. या एका तपशिलात अर्थकारण, वर्ग, भीती सगळं येतं. मॅकडोनल्ड यांच्याही पुस्तकात गुंतागुंतीची कटकारस्थानं आहेत, घराण्यांची वैरं आहेत, पण ती त्या हिशेबातूनच उगवतात.

वीअर यांना अर्थकारण कळत नव्हतं असं मुळीच नाही. शहराचं अर्थशास्त्र आपण आधी आखलं, पर्यटनावर ते कसं तगेल ते मांडलं आणि मग गोष्ट शोधली, हे त्यांनी स्वतः सांगितलंय. बहुधा दुखणं इथेच आहे. जमाखर्च जुळला, भिंती उभ्या राहिल्या, आणि मग त्या शहरात काय घडू शकतं हे शहराला विचारण्याऐवजी बाहेरून तयार साचा आणला गेला. ‘द मार्शिअन’मध्ये ही अडचण नव्हती. एक माणूस आणि एक ग्रह; पुढचा प्रसंग काय हे बटाटे, पाणी आणि बॅटरी ठरवत होत्या. 2021 मध्ये आलेल्या ‘प्रोजेक्ट हेल मेरी’मध्ये वीअर पुन्हा त्या मांडणीकडे गेले. एकटा शास्त्रज्ञ, एक यान, सोडवायची कोडी आणि सोबतीला परग्रहावरचा एक विलक्षण मित्र. ते पुस्तक उत्तम जमलंय. दोन हजार माणसांचं शहर हाताळायला लागणारं बळ वेगळं, ते कामगार, बाप, प्रशासक आणि शेजारी यांच्याबद्दलच्या कुतूहलातून येतं.

मराठी वाचक या बाबतीत भाबडा नाही. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावानं ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवून जयंत नारळीकरांनी पहिलं बक्षीस मिळवलं, तेव्हापासून विज्ञानकथा इथे आवडीनं वाचली जाते. नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’मध्येही थरार आहे, पाठलाग आहे, दुष्ट हेतूनं टपलेली माणसं आहेत. पण संकट येतं ते प्राचीन संस्कृतीच्या सूचनांवरून घडवलेल्या त्या बुद्धिमान यंत्रमानवातूनच. यंत्रमानव काढून टाकला तर गोष्टच उरत नाही. नारळीकरांची पात्रं कधी कधी ठोकळेबाज असतात, हे त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनीही मान्य करावं. मूळ कल्पनेशी मात्र त्यांनी कधी फारकत घेतली नाही.

‘आर्टेमिस’नं सोडून दिलेला प्रश्न दरम्यान कागदावरून जमिनीवर यायला निघालाय. 1967च्या बाह्य अवकाश कराराप्रमाणे कुठल्याही देशाला चंद्रावर मालकी सांगता येत नाही. 2015 मध्ये अमेरिकेनं कायदा करून आपल्या नागरिकांना आणि कंपन्यांना अवकाशातून काढलेल्या खनिजांवर हक्क दिला. नासानं 2019 मध्ये आपल्या चांद्रमोहिमेला आर्टेमिस हे नाव दिलं; ग्रीक पुराणात ती अपोलोची जुळी बहीण. 2020च्या आर्टेमिस करारांत तिथली साधनसंपत्ती काढणं म्हणजे भूभाग बळकावणं नव्हे, अशी भूमिका मांडली गेली, आणि जून 2023 मध्ये भारतानंही त्यांवर सही केली. चंद्राच्या मातीत वजनानं चाळीस टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन आहे. तो काढायची यंत्रं आज प्रयोगशाळांत तपासली जात आहेत. ती यंत्रं कोणाची असतील आणि त्यांच्यावर जगणारी माणसं कोणत्या कराराखाली राहतील, हे अजून ठरलेलं नाही.

‘आर्टेमिस’ संपते तेव्हा सांचेझची भट्टी राखेत गेलेली असते. शहराचा तूर्तासचा श्वास लँडविकनं आधीच साठवून ठेवलेल्या ऑक्सिजनवर चालणार असतो आणि ती साठवण आता त्याच्या मुलीच्या, लेनच्या, मालकीची आहे. बापाचा खून झालेला, अंगावर एकाएकी अफाट संपत्ती आलेली ही किशोरवयीन मुलगी आणि तिच्या मर्जीवर दोन हजार माणसांची हवा. करारावर सही करायला न्गुगी बाई तिच्या घरी जातील तेव्हा त्या दोघींमध्ये काय बोलणं होईल, लेन काय मागेल, कॉनरॅडच्या तळमजल्यावर ती बातमी कशी पोचेल, हे वाचायला मिळायला हवं होतं. वीअर यांनी त्या खोलीचं दार उघडलं नाही.